साडेचौदा आण्यांचा राजा

मी फ्रीलान्सर. त्यामुळे मला स्वतःचं कँटीन नाही, मी मैत्रिणीच्या ऑफिसचं वापरते. मे 2023 मध्ये लंडनला राजे चार्ल्स यांचा राज्याभिषेक झाला, तेव्हा तिथल्या आमच्या टेबलावर दोन दिवस एकच विषय होता. सोन्याची बग्गी, तो मुकुट, ते झगे, आणि या सगळ्याचं बिल कोणाच्या नावावर फाटतं? एक जण म्हणाला, राजा स्वतःच्या इस्टेटीतून खर्च करतो. दुसरी म्हणाली, छे, लोकांच्या टॅक्समधून. तिसऱ्याला त्या महिन्यात टीडीएस जास्त कापला गेला होता, तो म्हणाला, कुणीही भरू दे यार, निदान आपण तरी भरत नाही.

निदान आपण तरी भरत नाही. बरोबरच आहे की! आपल्याकडे राजे-रजवाडे आता फक्त हेरिटेज हॉटेलात आणि निवडणुकीच्या पोस्टरवर. पण यंदा जानेवारीत मामाकडे लोहाऱ्याला गेले आणि हे वाक्य घशात अडकलं.

लोहारा म्हणजे यवतमाळला चिकटलेलं गाव. दारव्हा रोडने निघालात की शहर कुठे संपलं आणि लोहारा कुठे सुरू झालं ते कळतच नाही. बहुतेकांना ते एमआयडीसीमुळे माहीत असतं. 90 च्या दशकात रेमंडने इथे डेनिमचा कारखाना काढला, त्यामुळे तुमच्या कपाटातल्या एखाद्या जीन्सचं कापड लोहाऱ्यात विणलेलं असण्याची बरीच शक्यता आहे. बाकी टुरिस्टसाठी म्हणून इथे काही नाही, आणि तेच मला आवडतं. सकाळी धुकं, कापसाने गच्च भरलेल्या ट्रॉल्या, महादेवाच्या देवळापाशी उन्हाला बसलेले म्हातारे, मामीच्या हातची तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ज्वारीची भाकर. पुण्याहून यायचं तर रात्रभराची ट्रॅव्हल्स. रेल्वेने यायचं तर धामणगावला उतरून पुढे एसटी. यवतमाळला पूर्वी स्वतःची गाडी होती, शकुंतला, पण तिच्याबद्दल नंतर सांगते.

मामा तलाठी म्हणून रिटायर झाले. त्यामुळे घरात देवांच्या फोटोंपेक्षा कागद जास्त. कँटीनमधला वाद मी त्यांना गंमत म्हणून सांगितला. ते उठले, लोखंडी पेटी उघडली आणि आतून एक पिवळा पडलेला चिटोरा काढून माझ्या हातात दिला. माझ्या पणजोबांची शेतसाऱ्याची पावती. साल 1938, रक्कम नऊ रुपये चार आणे.

"हे घे," मामा म्हणाले. "आपल्या राजाचा पगार."

"कोणता राजा, मामा? तेव्हा तर इंग्रज होते."

"थेच तर गंमत हाये ना पोरी. इंग्रज होते म्हंजे भाडेकरू होते. घरमालक वेगळाच व्हता."

भाड्याचं घर, नाव वऱ्हाड

गोष्ट सुरू होते कर्जापासून. हैदराबादच्या निजामाकडे 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाने द्यायचा. (असला जॉब कुणाला नको असतो?) पगार थकत गेला, थकबाकी 40 लाखांच्या वर गेली. तेव्हा 1853 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने निजाम नासिर-उद-दौलाकडून तहावर सही घेतली आणि फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दोआब कंपनीच्या ताब्यात गेला. तहात 'गहाण' हा शब्द नव्हता. मालकी निजामाची, वहिवाट कंपनीची, वसूल फौजेच्या पगाराला. आपल्याकडे याला गहाण नाही तर काय म्हणतात?

गावं, शेतं, विहिरी आणि त्यात राहणारी माणसं, सगळं तारण ठेवलं होतं. त्यांनी कर्ज घेतलेलं नव्हतं. त्यांना कुणी विचारलंही नव्हतं.

1857 च्या धामधुमीत निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला. त्याचं बक्षीस 1860 मध्ये मिळालं. धाराशिव आणि रायचूर परत मिळाले आणि 50 लाखांचं कर्ज माफ झालं. कर्ज माफ झालं, पण वऱ्हाड काही परत गेलं नाही. निजामाचा हुशार दिवाण पहिला सालारजंग वऱ्हाड परत मिळावं म्हणून झगडत राहिला, 1876 मध्ये विलायतेलाही जाऊन आला. उपयोग शून्य.

मग 1902 साली कर्झनसाहेब हैदराबादला आले. सहावा निजाम महबूब अली खान याच्याशी बोलणी झाली आणि नोव्हेंबरमध्ये करार झाला. वऱ्हाड इंग्रजांकडे कायमच्या भाडेपट्ट्याने, भाडं वर्षाला 25 लाख रुपये. कायमच्या म्हणजे कायमच्या, आपल्यासारखा अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स नव्हे. सुरुवातीला त्या भाड्यातूनही हैदराबादने घेतलेल्या जुन्या उचलीचे हप्ते कापून घेतले जात. थोडक्यात, राजाच्या सॅलरीतून थेट ईएमआय. पुढे निजामाला जी.सी.बी. हा मोठा किताब मिळाला आणि हैदराबादच्या टवाळांनी त्याचा अर्थ लावला, 'गेव्ह कर्झन बेरार'.

एक लक्षात घ्या. हे 25 लाख इंग्रज स्वतःच्या खिशातून देत नव्हते. वऱ्हाडचा वसूल वऱ्हाडातच गोळा व्हायचा. शेतसारा, जंगलाचं उत्पन्न, अबकारी. इथे मुंबईच्या धर्तीवर रयतवारी होती, मोजणी झालेली, दर एकरी आकार 30 वर्षांसाठी ठरलेला. माझ्या पणजोबांसारख्या खातेदाराने सारा भरायचा, त्यातून राज्यकारभार चालायचा आणि त्यातूनच घरमालकाचं भाडं जायचं.

मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. 1901 च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या 27 लाख 54 हजार. 25 लाख भागिले तेवढी माणसं. माणशी साडेचौदा आणे. तान्ह्या बाळासकट.

साडेचौदा आणे म्हणजे रुपयाच्याही आत. फार नाही, असं म्हणायचा मोह होतो. पण ती जनगणना कोणती ते पाहा. 1896-97 आणि 1899-1900 असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी सुमारे 5 टक्क्यांनी कमी झाली होती. शेवटच्या दुष्काळानंतर दोनच वर्षांनी हे भाडं ठरलं. तेव्हा आपल्या जिल्ह्याला यवतमाळ हे नावदेखील नव्हतं. तो वणी जिल्हा होता, 1905 मध्ये यवतमाळ झाला. म्हणजे जिल्ह्याच्या नावाआधी जिल्ह्याचं भाडं ठरलं!

वऱ्हाडची राजकन्या

आता थोडं ग्लॅमर, कारण हे ग्लॉसी पान आहे आणि फोटोशिवाय छापत नाहीत.

सातवा निजाम उस्मान अली खान. 'टाइम'ने 1937 मध्ये कव्हरवर छापलेला, जगातला सगळ्यात श्रीमंत माणूस. 1923 मध्ये त्याने वऱ्हाड परत मागितलं. 1926 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने त्याला खरमरीत पत्र लिहून सांगितलं, सार्वभौम सत्ता आमची आहे, बरोबरीने बोलू नका. पण 1936 मध्ये त्याची समजूत काढली गेली. वऱ्हाडवर निजामाचं स्वामित्व आहे हे कागदावर मान्य झालं. त्याचा झेंडा युनियन जॅकशेजारी फडकायची सोय झाली. तो 'निजाम ऑफ हैदराबाद अँड बेरार' झाला आणि त्याचा थोरला मुलगा आझम जाह झाला 'प्रिन्स ऑफ बेरार'. वेल्सचा युवराज असतो ना, तसाच आमच्या वऱ्हाडचा!

आणि युवराज्ञी? दुर्रुशेहवार. ऑटोमन घराण्यातल्या शेवटच्या खलिफाची मुलगी. खलिफाला 1924 मध्ये तुर्कस्तानातून हाकललं, त्यानंतर निजामाने त्याला महिना 300 पौंड तनखा लावून दिला. पुढे 1931 मध्ये फ्रान्सच्या नीस शहरात या दोघांचं लग्न झालं. देखणी, उंच, फ्रेंच-इंग्रजी-तुर्की बोलणारी बाई. तिचे फोटो बघितलेत तर तुम्हीही माझ्यासारखे पाच मिनिटं बघत बसाल. नाव काय, तर 'प्रिन्सेस ऑफ बेरार'. बेरार म्हणजे लोहारा, दारव्हा, पुसद, वणी. ही कापसाची काळी माती.

मामांना मी तिचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून नीट पाहिला.

"ही आपली राणी व्हती म्हनते?"

"होती की. 2006 मध्ये गेली, लंडनला."

"बाप्पा! आमच्या म्हाताऱ्याच्या तोंडून तर कधी नाव नाई ऐकलं."

कुणी म्हणेल, 25 लाख काही राजाच्या पाकिटात जात नव्हते, हैदराबाद सरकारच्या खजिन्यात जात होते. कबूल. निजामाची खासगी जमीनजायदाद, ती 'सर्फ-ए-खास', वेगळी होती. त्यामुळे माझ्या पणजोबांच्या नऊ रुपये चार आण्यांतला कुठला आणा नीसच्या खलिफाकडे गेला, असा हिशेब कुणाला मांडता येणार नाही. पैशावर नाव नसतं. पण ज्या राज्यात खजिन्याला कुलूप लावणारा आणि किल्ली ठेवणारा एकच असतो, तिथे हा फरक मला फारसा पटत नाही.

आणि इथेच लंडनचा वाद पुन्हा आठवला. तिकडेही नेमका हाच युक्तिवाद चालतो. 1760 मध्ये तिसऱ्या जॉर्जने राजघराण्याच्या इस्टेटीचं उत्पन्न सरकारकडे सोपवलं आणि बदल्यात ठरावीक नेमणूक घेतली. 2012 पासून तिची जागा सॉव्हरिन ग्रँटने घेतली आहे. क्राउन इस्टेटला जेवढा नफा होतो त्याच्या काही टक्के. आधी 15, मग बकिंगहॅम पॅलेसच्या दुरुस्तीसाठी 25, आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांमुळे नफा फुगल्यावर 12. 2024-25 ला ही रक्कम 8 कोटी 63 लाख पौंड होती, पुढच्या वर्षी 13 कोटी 21 लाख. पोलिस बंदोबस्त यात धरलेला नाही. राज्याभिषेकाचा सरकारी खर्च नंतर जाहीर झाला, 7 कोटी 20 लाख पौंड, तो वेगळा. राजाचे समर्थक म्हणतात, हा टॅक्स नाहीच, ही इस्टेटीची कमाई. पण ती इस्टेट राजाला विकता येत नाही, तिचा नफा सरकारी तिजोरीत जातो आणि तिथून ग्रँट निघते. तिजोरीतून राजाला जेवढं जातं, तेवढं दवाखान्याला जात नाही. राणी एलिझाबेथ यांनी स्वतःच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स भरायला सुरुवात केली तीसुद्धा 1993 मध्ये, आदल्या वर्षी विंडसरचा किल्ला जळून दुरुस्तीचा खर्च कुणी करायचा यावर लोक खवळले होते, त्यानंतर.

त्याला 'भाडं' म्हणा, 'ग्रँट' म्हणा, 'तनखा' म्हणा. नाव बदललं की पावती देणारा आणि पैसे घेणारा यांच्यात एक पडदा येतो, एवढंच.

तनख्याचं आपल्याकडचं प्रकरण तर बऱ्याच जणांनी शाळेत दोन ओळींत वाचलं असेल. 1948 च्या पोलिस कारवाईनंतर हैदराबाद भारतात आलं, वऱ्हाडचा भाडेपट्टा इतिहासजमा झाला. पण निजामाला वर्षाला 50 लाख हैदराबादी रुपयांचा तनखा ठरला, देशात सर्वांत मोठा. कोल्हापूरला 10 लाख. आणि सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या राजाला वर्षाला 192 रुपये! महिना 16 रुपये, त्यावरही इन्कम टॅक्स माफ. राज्यघटनेच्या 291 व्या कलमात याची हमी होती. 1967 मध्ये उस्मान अली गेले. गादी आझम जाहला वगळून नातू मुकर्रम जाहकडे गेली आणि तनखा 20 लाखांवर आला. 1970 मध्ये तनखे बंद करायचं विधेयक राज्यसभेत दोन तृतीयांशाला एका मताहूनही कमी फरकाने पडलं. लगेच राष्ट्रपतींच्या आदेशाने मान्यता काढली, तो आदेश डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने रद्द केला. शेवटी डिसेंबर 1971 मध्ये 26 वी घटनादुरुस्ती झाली आणि खेळ संपला. तेव्हा सगळे तनखे मिळून वर्षाला 5 कोटींच्या आतच होते. देशाची लोकसंख्या 55 कोटींच्या आसपास. माणशी नऊ पैसे.

नऊ पैशांसाठी एवढा गोंधळ? असं तेव्हाही विचारणारे होते. मला वाटतं गोंधळ योग्यच होता. दरडोई हिशेब हा राजांचा आवडता हिशेब असतो. लंडनलाही पॅलेसवाले माणशी इतके पेन्स असं सांगायचे. भागायला माणसं भरपूर असली की कुठलीही रक्कम चहाच्या कपाएवढी होते. भागायच्या आधी विचारायचं असतं की हा कप कुणी मागवला होता?

बोजा

दुसऱ्या दिवशी मामा मला शेतावर घेऊन गेले. सात एकर, कोरडवाहू. कापूस वेचून झाला होता, तूर उभी होती. बांधावर बसून मी त्यांना पुन्हा 1853 ची गोष्ट सांगितली, कारण आदल्या रात्री त्यांना मधेच झोप लागली होती.

"म्हंजे अख्खं वऱ्हाडच गहाण व्हतं?"

"हो."

मामांनी खिशातून घडी घातलेला सातबारा काढला. तलाठ्याच्या खिशात सातबारा असणं म्हणजे आपल्या खिशात मोबाइल असणं. त्यांनी 'इतर अधिकार'च्या रकान्यावर बोट ठेवलं. बँकेचा बोजा. त्याखाली आधी खोडलेला सोसायटीचा बोजा. हे खातं मोठ्या मामांचं होतं, आता दोघांचं आहे. मोठे मामा 2007 मध्ये गेले. कसे, ते आमच्या घरात कुणी मोठ्याने बोलत नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, 2006 च्या जुलैत, पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले होते. सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. ही यादी मी लोहाऱ्याहून परतल्यावर पुन्हा वाचली आणि दचकले. वर्धा सोडला तर बाकीचे पाचही जिल्हे म्हणजे निजामाने तारण ठेवलेलं वऱ्हाड. यातून मी सरळ रेघ ओढत नाही. मधे शंभर वर्षं गेली, कापसाचे भाव, पाऊस, सावकार, बियाणं, बरंच काही आहे. पण यादी तीच आहे.

2008 मध्ये केंद्राची कर्जमाफी आली. पूर्ण माफी दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत. त्यापुढच्यांना उरलेलं कर्ज एकरकमी भरलं तर 25 टक्के सूट. आमचे सात एकर. पाण्याखालची पाच एकर आणि पावसावरची सात एकर यांत श्रीमंत कोण, हे लोहाऱ्यातलं पोरही सांगेल.

"मंग त्या निजामाचं कर्ज फिटलं का?" मामांनी विचारलं.

"माफ झालं. 1860 ला. 50 लाख."

मामा जरा वेळ तुरीकडे बघत बसले. मग म्हणाले, "त्याच्यापाशी किती एकर व्हते?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं.

येताना दारव्हा रोडवर मी शकुंतलेबद्दल विचारलं. यवतमाळहून दारव्हा, मूर्तिजापूर, अचलपूर अशी धावणारी ती छोटी गाडी. रूळ टाकले किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने काढलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने, वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे मँचेस्टरला पोचवायला. देश स्वतंत्र झाला, बाकी रेल्वे सरकारची झाली, पण हे रूळ कंपनीचेच राहिले आणि भारतीय रेल्वे गाडी चालवायचे पैसे त्या कंपनीला देत राहिली. 1994 पर्यंत 1921 सालचं मँचेस्टरचं वाफेचं इंजिन तिला ओढत होतं. आता गाडी बंद आहे. "भाडं द्याची आपल्याले सवयच हाये," मामा म्हणाले.

खरं सांगायचं तर राजाच्या नावाने पैसे भरायला माझा सरसकट विरोध नाही. 2025 च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने नागपूरचे पहिले रघूजी भोसले यांची तलवार घेतली, 47 लाख 15 हजार रुपयांना. ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. याच रघूजींच्या घराण्याने एकेकाळी वऱ्हाडात निजामाच्या जोडीने वसूल केला होता. एकाच गावातून दोन धनी, दोअमली कारभार. म्हणजे लोहाऱ्याच्या पैशातला थोडा अंश त्या दरबाराकडेही गेला असणार. तरीही हे 47 लाख मला खुपले नाहीत. माणशी जेमतेम चार पैसे, पण मुद्दा चार पैशांचा नाही. तलवार आता आपल्या सगळ्यांची आहे, आणि मी तिकडे जाऊन ती किती वेळ बघायची हे मी ठरवणार. नीसच्या त्या लग्नाला माझ्या पणजोबांना कुणी बोलावलं नव्हतं.

निघताना मामीने पिशवीत तुरीचे सोले, ठेचा आणि भाकरी कोंबल्या. मी मामांकडे पावती मागितली, लेखासोबत फोटो छापायचा होता म्हणून. त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली, वर रबर लावलं आणि दोनदा बजावलं.

"झेरॉक्स काढ अन् ओरिजनल रजिस्टर पोस्टानं धाडजो. पैसे भरल्याचा पुरावा हाये थो. उद्या कोनी इचारलं तं दाखवाले पाह्यजे."